काटेबाईंची फळी

पाण्यावर उभं राहायचा निर्णय काटेबाईंनी बटाटे सोलता सोलता घेतला. मोठे निर्णय असेच होतात. गंभीर चेहरे करून, टेबलाभोवती बसून घेतलेल्या निर्णयांतून फार तर खिडकीला नवा पडदा येतो.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला गेल्या असताना त्यांना पाण्यावर उभी असलेली एक बाई दिसली. पायाखाली फळी होती, लांबट, टोकाला निमुळती. हातात लांब दांड्याचं वल्हं होतं. पण काठावरून पाहणाऱ्याला फळी दिसत नव्हती, बाईच दिसत होती. न ओरडता, कुणाचा हात न धरता ती तळ्याच्या मध्याकडे निघाली होती, एखादी आपल्याच घरात या खोलीतून त्या खोलीत जाते तशी. काटेबाई कठड्याला टेकून बघत राहिल्या. यजमान 'चला' म्हणाले, मग 'चला ना' म्हणाले, मग गप्प बसले.

आणि आज बटाटे सोलताना त्या म्हणाल्या, "मी त्या फळीवर उभी राहणार आहे."

यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं. बायकोच्या आवाजात कचेरीच्या खिडकीवरचा जुना सूर होता. 'कशाला' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

काटेबाई हे त्यांचं माहेरचं नाव नव्हे आणि सासरचंही नव्हे. निवृत्त होईपर्यंत त्या पार्सल कचेरीत वजनाच्या काट्यावर बसल्या, म्हणून काटेबाई. त्या काळी पार्सलं जाड्याभरड्या कापडात शिवून यायची. शिवणीवर लाखेचे लाल ठिपके असायचे, आणि खोलीत सुतळीचा नि तापल्या लाखेचा असा काही वास भरलेला असायचा, की तो घरी आल्यावर केसांनाही यायचा. गिऱ्हाईक खिडकीशी आलं की बाई आधी विचारायच्या, "वजन किती?" गिऱ्हाईक जीव तोडून कमी सांगायचं. मग बाई पार्सल एका हाताने उचलायच्या, डोळे मिटायच्या आणि खरा आकडा सांगायच्या. मागाहून काटाही तेच सांगायचा. आधी सांगायचं, मग तोलायचं, हा त्यांचा नेम होता. लोक हवापाण्याबद्दल खोटं बोलत नाहीत, वजनाबद्दलच बोलतात, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

त्या स्वतः मात्र त्या काट्यावर कधी चढल्या नव्हत्या. अंगाने त्या भरभक्कम. लग्नातही भरभक्कमच होत्या आणि पुढे संसाराबरोबर तेही वाढत गेलं. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर जादा अक्षरं काढून टाकण्याचं काम केल्यामुळे की काय, त्यांच्या अंगावरही देवाने जादा काही ठेवलं नव्हतं.

आता तळ्याची जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या फळीला अर्थ राहणार नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं याच तळ्यावर होडीत बसायला गेली होती. होडीवाल्याने यजमानांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि होडीची कीव आल्यासारखा म्हणाला, "दोघं एकदम नको. एकेक करून." यजमान आधी गेले. बाई काठावर त्यांच्या चपला, घड्याळ आणि पाकीट सांभाळत बसल्या. यजमानांना तळं इतकं आवडलं, की ते परत येईपर्यंत होडी बांधून ठेवायची वेळ झाली होती.

बाईंनी चपला, घड्याळ आणि पाकीट मोजून परत दिलं. पण तेव्हापासून कसा कोण जाणे, पायंडाच पडला. नदी असो, समुद्र असो, धबधबा असो, सगळा गोतावळा बाईंच्या भोवती चपला काढून ठेवायचा आणि पाण्यात पळायचा. घरातल्या सहलींचे जुने फोटो काढून पाहिले तर प्रत्येकात बाई कोपऱ्यात, भोवती पंधरावीस जोड, जणू चपलांचं दुकान थाटून बसल्या आहेत. आणि वस्तू हरवत नसत हो. बाई असताना कुणाची चप्पल हरवली नाही. एवढं कौतुक मात्र सगळे करायचे.

यजमान वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, आणि जे लक्षात आलं नाही त्याची माफी तरी माणूस कशी मागणार?

असो. तळ्यावरच्या क्लबात गळ्यात शिट्टी अडकवलेला एक शिक्षक होता. तो चांगला होता, पण त्यालाही जीभ चावत बोलावं लागलं. क्लबाच्या फळ्या बेताच्या माणसांसाठी आहेत, तुमच्यासारख्या, म्हणजे, भारदस्त व्यक्तीने आपल्या वजनाला साजेशी स्वतःची फळी घ्यावी, असं त्याने सांगितलं. वजन वाढलं की फळी नुसती लांब असून भागत नाही, रुंद आणि जाड हवी, म्हणजे ती पाण्याच्या वर राहते आणि डगमगत नाही. "वजन सांगा, मी माप सांगतो," तो म्हणाला.

आसपास चारचौघं उभी होती. ज्या बाईंनी हजारो गिऱ्हाइकांना खिडकीवर हाच प्रश्न केला होता, त्या म्हणाल्या, "घरी बघून सांगते." जणू वजन कपाटात घडी करून ठेवलं होतं.

घरी यजमानांनी फार हळुवारपणे विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नव्वदच्या आसपास." या 'आसपास'मध्ये एखादं शाळकरी पोर आरामात बसलं असतं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात बाई शिरल्याच नाहीत. समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून त्या एका बँकेची पाटी वाचत राहिल्या. आत दुकानदाराने फळी कुणासाठी हवी असं विचारलं. परक्या माणसाला बायकोचं वजन सांगणं यजमानांना फितुरीसारखं वाटलं, म्हणून ते म्हणाले, "माझ्यासाठी." वजन? इथे हाताची जुनी सवय आडवी आली. नव्वद हा आकडा त्यांना उगाच भरलेला वाटला. ते म्हणाले, "ऐंशी." दुकानदाराने या गृहस्थांकडे पाहिलं. वारा सुटला तर यांना विजेचा खांब धरावा लागेल, हे त्याला दिसत होतं. म्हाताऱ्याला वजनदार दिसायची हौस आहे, असं समजून त्याने मनातल्या मनात साठ धरले, त्यांचा मान राखून काही बोलला नाही, आणि एक सडसडीत पिवळी फळी बांधून दिली. वाऱ्यासारखी पळेल, म्हणाला.

असा हा प्रकार झाला. बाईंनी लाजेने थोडं उतरवलं, नवऱ्याने मायेने उतरवलं, दुकानदाराने सभ्यतेने उतरवलं. कुणीच वाईट वागलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तळ्यावर सगळे हजर होते. यजमानांची थोरली बहीण, जिला बाई 'वन्सं' म्हणत. खालच्या मजल्यावरचे पूलवाले काका, ज्यांनी नोकरीत असताना पूल बांधले होते आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या भानगडींवर बांधत होते. आणि वरच्या मजल्यावरची डाएटवाली. बाईंनी चपला काठावर काढल्या, तांबडं जॅकेट चढवलं, शिट्टीवाल्याने फळी धरली, आणि बाई आधी गुडघ्यांवर, मग पायांवर उभ्या राहिल्या.

फळी बुडाली असं म्हणता येणार नाही. बुडणं निराळं. फळी पाण्याखाली गेली आणि तिथेच थांबली. बाई गुडघाभर पाण्यात, हातात वल्हं, चेहऱ्यावर अतिशय गंभीर भाव, अशा तळ्यात उभ्या. खाली फळी आहे याचा काठावरून पत्ताच लागेना. पूलवाल्या काकांनी लगेच जमलेल्या लोकांना माहिती दिली, की तळं इथे उथळ आहे, गाळ साचला आहे, त्यांनी पूर्वीच कळवलं होतं. एका फिरायला आलेल्या गृहस्थांनी तर पँट वर दुमडायला घेतली.

मग बाईंनी वल्हं मारलं. फळीने म्हशीसारखी एका कुशीवर अंग टाकलं आणि बाई पाण्यात गेल्या. जॅकेट कानांपर्यंत वर आलं, मधून फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. वल्हं मात्र सुटलं ते सरळ पलीकडच्या काठाला लागलं. त्या दिवशी तळं कुणी पार केलं असेल, तर त्या वल्ह्याने.

बाहेर आल्या तेव्हा त्यांना पडल्याचं दुःख नव्हतं. लोक हसले, त्याचंही फारसं नव्हतं. काठावर त्यांची एकच चप्पल होती. दुसरी कुत्र्याने नेली होती. इतकी माणसं तिथे उभी होती, पण चपलांकडे बघायचं असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ते खातं कायम बाईंकडे होतं ना. एक पाय चपलेत आणि एक अनवाणी अशा त्या घरी आल्या.

त्यानंतर सल्ल्यांचा पूर लोटला. वन्संचं म्हणणं पडलं, की वहिनी, या वयात माणसाने काठावरच शोभून दिसावं. डाएटवालीने काकड्यांचा मार्ग सांगितला. तिच्या मते आधी वजन उतरवायचं आणि मग पिवळ्या फळीवर जायचं, म्हणजे पैसे वाया जायला नकोत. बाईंनी विचारलं, किती दिवस लागतील? तिने सांगितलेली मुदत ऐकून बाई म्हणाल्या, तोपर्यंत तळंच आटेल.

पूलवाले काका मात्र कागद-पेन्सिल घेऊन आले. चूक हिशेबाची झाली होती, असं त्यांचं मत. पूल बांधताना आम्ही माणसं मोजत बसत नाही, म्हणाले, हत्तींचा कळप गेला तरी पूल उभा राहिला पाहिजे. हत्ती या शब्दावर यजमान खाकरले. काकाही खानदानी गृहस्थ, त्यांनी वजन विचारलंच नाही. नजरेने अंदाज घेतला, मग त्यात ओले कपडे धरले, वल्हं धरलं, लाटा धरल्या, वाटेत कुणी चढलं तर तेही धरलं, आणि वर सुरक्षिततेसाठी निम्मं आणखी वाढवलं. त्या आकड्याला साजेशी फळी मागवली गेली. हवा भरायची होती, म्हणजे घरात ठेवायला सोपी.

आली तेव्हा ती खरंच सोपी होती. वळकटीसारखी गुंडाळलेली, पिशवीत घातलेली. आदल्या फजितीनंतर यजमानांनी ठरवलं, की आधी घरीच भरून पाहावी. बैठकीच्या खोलीत ती अंथरली आणि त्यांनी पंप मारायला सुरुवात केली. दमले की काका मारत, काका दमले की वन्सं मोजत. फळी हळूहळू अंग धरू लागली. सोफा सरकवला, मग टेबल बाहेर गेलं, मग वन्संना खुर्चीसकट उचलून दारात ठेवावं लागलं. शेवटी एक टोक भिंतीतल्या कपाटाला भिडलं, दुसरं बाल्कनीच्या दाराला, आणि फळी अशी घट्ट बसली, की ती खोलीत आहे की खोली तिच्याभोवती बांधली आहे हे कळेना. नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं, घरापेक्षा फळी मोठी हे पहिल्यांदाच पाहिलं.

आता हवा सोडायची. त्यासाठी एक खास किल्ली होती. ती यजमानांनी हरवू नये म्हणून पिशवीच्या आतल्या कप्प्यात नीट ठेवली होती. पिशवी फळीखाली होती. फळी हलत नव्हती.

सुरी लावू का, असं यजमानांनी विचारलं, तर काकांनी हात धरला. इतका हवेचा दाब एकदम सुटला तर वरच्या मजल्याची काही शाश्वती देता येणार नाही, म्हणाले. सुताराला निरोप गेला, कपाट उतरवून द्यायला. तो येतो म्हणाला आणि सुतार येतात तसा आला, म्हणजे आठवड्याने. तोवर घर त्या फळीभोवती जगलं. स्वयंपाकघरातून बाथरूमला जायचं तर तिच्यावरून जावं लागे. आधी लोक नाराज होते, मग बसू लागले. काका तिच्यावर बसून पेपर वाचत. वन्सं म्हणाल्या, सोफ्यापेक्षा कंबरेला बरी आहे. यजमानांना तिच्यावर दुपारची झोप लागायला लागली, आणि त्यांनी झोपेत एकदा वल्हं मारल्यासारखा हातही हलवला. बाईंनी ते पाहिलं. म्हणजे फळीवरसुद्धा हेच आधी.

सुताराने कपाट उतरवलं, किल्ली मिळाली, फळी वळकटी होऊन तळ्यावर गेली. तिथे ती पुन्हा भरल्यावर शिट्टीवाल्याने फूटपट्टी लावली आणि डोकं खाजवलं. ही क्लबाच्या अखत्यारीत बसत नाही, तळ्याच्या कचेरीत विचारा, म्हणाला.

तळ्याच्या कचेरीतले साहेब शांत, सुस्वभावी आणि हलवता न येण्यासारखे होते. बारा फुटांपर्यंत फळी, त्यापुढे नौका. नौका म्हटली की तिला नाव हवं, दिवा हवा, भोंगा हवा. बाई म्हणाल्या, मला एकटीला उभं राहायचं आहे. साहेब म्हणाले, एकट्या माणसाची नौकाही नौकाच. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, नाविकाच्या वजनाचा दाखला. घरच्या काट्याचा चालणार नाही, मान्यता असलेल्या काट्याचा.

"असा काटा कुठे आहे?" यजमानांनी विचारलं.

"शहरात एकच आहे. पार्सल कचेरीतला."

यजमान छताकडे पाहू लागले. बाई उठल्या आणि बाहेर आल्या.

दोघं घरी आली. कपाट अजून भिंतीला टेकवून उभं होतं, त्यातले कपडे खुर्चीवर होते. यजमानांनी चहा केला, तो बाईंपुढे ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाले, "सोडून देऊ या का? तळं काय, काठावरूनही छान दिसतं."

"तुम्हाला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "तुम्ही कधी काठावरून पाहिलंय?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. मुद्रितात इतक्या वर्षांची चूक एकदम दिसावी तसं यजमानांचं झालं. होडी, होडीवाला, हातातलं घड्याळ काढून बायकोकडे देणारा आपलाच हात. चहावर साय धरेपर्यंत ते तसेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून पार्सल कचेरीत गेल्या. यजमान बरोबर होते. कचेरी तीच, पण लाखेचा वास गेला होता, सगळीकडे चिकटपट्टीचा करकर आवाज. मोठा काटा मात्र तोच होता, लोखंडी चौथऱ्याचा, तबकडीवर लांब काळा हात असलेला. त्यावर आता बाईंनीच शिकवून तयार केलेली एक मुलगी, कचेरीतली धाकटी, बसत होती. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली. काम ऐकल्यावर तिचा चेहरा पडला. आत या, मी दार लावते, असं ती पुटपुटली.

बाई नको म्हणाल्या. रांगेतच उभ्या राहिल्या. रांगेत खोकी, गाठोडी, आणि ती धरलेली माणसं, ज्यांतल्या काहींना या बाईंनी पूर्वी भर खिडकीत खरे आकडे सुनावले होते. बाईंची पाळी आली. त्यांनी चपला काढल्या. यजमान वाकले आणि त्यांनी त्या उचलून हातात घेतल्या. बाई चौथऱ्यापुढे उभ्या राहिल्या. धाकटी नुसतीच बघत होती.

"विचार की," बाई म्हणाल्या. "आधी सांगायचं, मग तोलायचं. मीच शिकवलंय ना?"

धाकटीच्या तोंडून शब्द मोठ्या कष्टाने फुटला. "वजन किती, बाई?"

बाईंनी डोळे मिटले. पूर्वी पार्सल हातात घेऊन मिटायच्या, तसेच.

"एकशे बारा."

खिडकीवरच्या आवाजातच सांगितलं, त्यामुळे मागच्या भिंतीपर्यंत गेलं. मग त्या चढल्या. काळा हात निघाला, थोडा पुढे गेला, मागे आला, डुलला, आणि एकशे बारावर येऊन थांबला. कुणी हसलं नाही. रांगेतल्या मिशीवाल्या गृहस्थांनी आपलं खोकं पुन्हा एकदा उचलून पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत आपला आकडा वाढवून घेतला.

बाईंना तो आकडा पहिल्यापासून ठाऊक होता, हे यजमानांना तेव्हा कळलं. ज्या बाईला जगाचं वजन हाताने कळतं, तिला स्वतःचं कळत नसेल का?

दाखला घेऊन दोघं आधी शिट्टीवाल्याकडे गेली. त्याने आकडा वाचला आणि तो चकित झाला. "एकशे बाराच? मग ही एवढी नौका कशाला आणलीत? यांना अकरा फुटांची पुरे. रुंद आणि जाड घ्या, तेवढं बघा. बारा फुटांच्या आतली, म्हणजे परवाना नको, भोंगा नको. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर..."

त्याने वाक्य अर्धंच सोडलं. यजमान पाण्याकडे बघत होते आणि बाई यजमानांकडे.

दुकानात या वेळी बाई आत गेल्या. यजमान पुढे झाले आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या पत्नीसाठी हवी आहे. वजन एकशे बारा." एकही अक्षर न गाळता सांगितलं. दुकानदाराने पिवळी परत घेतली. मोठी क्लबाने शाळेच्या सहलींसाठी ठेवून घेतली, आणि पूलवाले काका पुढे कितीतरी दिवस लोकांना दाखवत होते, की बघा, पोरांचा अख्खा वर्ग बसला तरी हलत नाही, हिशेब माझा.

नवी फळी निळी होती. तळ्यावर या वेळी कुणाला बोलावलं नव्हतं, तरी सगळे आले होते. बाईंनी चपला काढल्या, घड्याळ काढलं, पाकीट काढलं, आणि यजमानांनी न सांगता हात पुढे केले. बाई गुडघ्यांवर बसल्या, मग एक पाय, मग दुसरा. पायांकडे बघायचं नाही, समोर बघायचं, शिट्टीवाला म्हणाला. फळी जरा कुरकुरली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि मग सरळ झाली. पाण्याच्या वर. तळव्यांना फक्त गार ओल लागत होती.

बाईंनी वल्हं मारलं. काठ मागे सरकला. पुन्हा मारलं. वन्सं काहीतरी सांगत होत्या, ते ऐकू येईनासं झालं. तळ्याच्या मध्यावर येऊन त्या थांबल्या. इथे बरीच शांतता होती. पायाखालून पाणी बारीक टपटप करत होतं. त्यांनी हळूच वळून पाहिलं.

काठावर यजमान दगडावर बसले होते. मांडीवर बाईंच्या चपला, मनगटावर त्यांचं घड्याळ, काखेत पाकीट. आणि भोवती वन्संची, काकांची, डाएटवालीची पायताणं. ती सगळी मंडळी पाण्यात पाय सोडून बसली होती. यजमान नीट राखण करत होते. कुत्रं जवळ आलं तर ते त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होते.

बायकोने वळून पाहिलेलं दिसताच ते उठून उभे राहिले. एक चप्पल हातात घेऊन त्यांनी ती हलवली, आणि तोंडाभोवती हाताचा भोंगा करून ओरडले, "अगं, दोघांना पेलेल का ती? मी येऊ?"

बाईंनी फळीकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं.

"एकेक करून," त्या म्हणाल्या. "आणि त्या चपलांकडे लक्ष ठेवा."

मग त्या पुढे निघाल्या. सूर्य बुडायला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि परतायची काही घाई नव्हती.